व्याह्यांची बत्तीस वर्षांची बाटली

मी आयुष्यात मोठं खोटं फार कमी वेळा बोललो आहे. पण जेव्हा बोललो तेव्हा कॅमेऱ्यासमोर, इंग्रजीत आणि मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांशी बोललो.

मुलगी फ्रान्सला एका प्रयोगशाळेत मातीवर संशोधन करते. तिथेच बरोबर काम करणारा एक मुलगा तिला आवडला. आम्हालाही आवडला. त्याची आई नऊ वर्षांपूर्वी गेलेली, वडील बोर्दोजवळच्या एका गावात एकटे राहणारे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पहिल्या व्हिडिओ कॉलला ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मीही बसलो होतो. खाली पायजमा होता, पण तेवढा कॅमेऱ्यात येत नव्हता. त्यांचं इंग्रजी अडखळतं, माझंही अडखळतं, त्यामुळे गप्पा बरोबरीच्या चालल्या होत्या. अडेल तिथे पोरं दुभाष्याचं काम करत होती. हवापाणी झालं, तब्येती झाल्या, आणि मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही वाईन घेता का?"

प्रश्न सरळ होता, उत्तर एका शब्दाचं होतं. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात व्हिनेगरची बाटली आली होती, तेव्हासुद्धा बायकोनं ती वास घेऊन बाल्कनीत ठेवली होती. पण मला वाटलं, 'नाही' म्हटलं तर हा माणूस म्हणेल, कुठल्या अडाणी घरात पोराला देतोय. मी खुर्चीत जरा मागे रेललो आणि म्हणालो, "अर्थात. वाईनच्या बाबतीत मी फार चोखंदळ आहे."

कॅमेऱ्याबाहेर बायको भाजी निवडत बसली होती. तिच्या हातातली मेथीची जुडी तिथेच थांबली.

खरं सांगायचं तर वाईन मी तोपर्यंत एकदा प्यायलो होतो. तुकोगंजात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढतो. तिथल्या एका पार्टीत कोणीतरी कागदी कपात ओतून दिली, मी एक घोट घेतला आणि तोंडाची चव घालवायला मूठभर लवंगी सेव खाल्ली. चोखंदळपणाचा माझा अनुभव एवढाच.

व्याहीबुवांना मात्र आनंद झाला. त्यांना वाटलं, सातासमुद्रापलीकडे आपल्या जातीचा माणूस भेटला. त्यांनी ठरवूनच टाकलं की दर रविवारी आपण कॉलवर बसायचं, त्यांनी त्यांचा पेला घ्यायचा, मी माझा.

आता आली पंचाईत. पेला तर आणला, पण त्यात घालायचं काय? घरात लाल रंगाचं एकच पेय होतं. बायकोची मावशी रत्नागिरीहून दरवर्षी कोकमाचं आगळ पाठवते, ते. रविवारी संध्याकाळी मी काचेच्या पेल्यात कोकमाचं सरबत घेऊन बसलो. व्याह्यांनी पेला गोल फिरवला, मी फिरवला. त्यांनी नाक आत घातलं, मीही घातलं. त्यांनी विचारलं, "कशी आहे?"

मी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणालो, "चांगली आहे. पण अजून फार कोवळी आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. दहा मिनिटांपूर्वीच केली होती.

"त्यात जिरं घातलंय, तेपण सांगा," बायको आतून म्हणाली. मराठी व्याह्यांना कळत नव्हतं म्हणून वाचलो.

असे चाळीसेक रविवार गेले. ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या भियाला मी हे सांगितलं. तो पक्का इंदोरी, भाऊ म्हणायचं तिथे भिया म्हणणारा. त्यानं मला वाईनच्या चाखणीचे व्हिडिओ शोधून दिले आणि जेवणाच्या सुट्टीत माझी शिकवणी घेतली. वाईनला म्हणे अंग असतं, पाय असतात आणि शेवट असतो. मी वहीत उतरवून घेत होतो.

"भिया, ये तो पूरी जनमपत्री हो गई," तो म्हणाला. "तू बस एक काम कर. घूँट ले, ऊपर पंखे की तरफ देख, और बोल, इसमें लकड़ी है. लकड़ी सबमें निकलती है."

हा उपाय लाख मोलाचा निघाला. मी दर रविवारी पंख्याकडे बघायचो आणि लाकूड आहे म्हणायचो. व्याही मान हलवायचे.

मग साखरपुडा इंदूरला, डिसेंबरात करायचा ठरला, आणि त्या रविवारी व्याह्यांनी पेला बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली.

मुलगा जन्मला त्या वर्षीच्या द्राक्षांची एक उत्तम वाईन त्यांच्या बायकोनं घेऊन ठेवली होती. वाईन पिंपात मुरून बाटलीत भरून विकायला येईपर्यंत पोरगा दोन वर्षांचा झाला होता. एका कडेवर त्याला आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन ती घरी आली. तळघरात आडवी ठेवली आणि सांगून टाकलं की हा ज्या मुलीशी लग्न करेल तिच्या घरी ही उघडायची. पहिला घोट मुलीच्या वडिलांचा. मधे अनेक प्रसंग आले, शेवटी तिचं आजारपण आलं. तेव्हा व्याही म्हणाले, आता तरी उघडू. तिनं उघडू दिली नाही.

"इतकी जुनी वाईन आत जिवंत आहे की मेली, बाहेरून कळत नाही," ते म्हणाले. "मला गेली नऊ वर्षं याचीच भीती वाटते. पण निदान योग्य माणसाच्या हाती पडतेय."

कॉल संपला. कोकम तसंच राहिलं.

"आता खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगतो की."

"केव्हा?"

"आले की सांगतो. समोरासमोर. फोनवर काय असं सांगायचं!"

ते आले. उंच, सडसडीत, हसले की डोळे पूर्ण मिटणारे. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर बॅग येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, असं मुलगी म्हणाली. घरी आल्याबरोबर त्यांनी बॅग उघडली, निळ्या लोकरी स्कार्फात गुंडाळलेली बाटली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. स्कार्फ त्यांच्या बायकोचा होता, हे न सांगता कळत होतं. मग ते मला बाटलीबद्दल बरंच काही सांगू लागले. पोरं तेव्हा गच्चीवरच्या खोलीत सामान ठेवत होती. मला त्या बोलण्यातलं 'उभी', 'अंधार' आणि 'शनिवार' एवढं कळलं. बाकीच्यावर मी जाणत्या माणसासारखी मान हलवत राहिलो. मधे मधे पंख्याकडेही बघितलं.

खरं सांगायचा क्षण तोच होता. तो गेला.

बाटली ठेवायला अंधारी, थंड जागा म्हणून मी देवघराखालचा कप्पा उघडला.

"तिथे नाही हां," बायको म्हणाली. "दारू देवाखाली?"

"अगं, नवी वस्तू आहे, पाहुण्यांनी आणलेली."

"तांदळाच्या डब्यामागे ठेवा. तिथे अंधारपण आहे आणि देवपण नाही."

बुधवारपासून शनिवारपर्यंत बाटली तांदळाच्या डब्यामागे उभी राहिली. साखरपुडा रविवारी होता. शनिवारी दुपारी दोन वाजता, घरातल्या घरात, पाचजणांत ती उघडायची ठरली होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी ती बाहेर काढली. पुसून ठेवावी, एवढाच हेतू. खिडकीसमोर धरली तर तळाशी बोटभर काळा गाळ! उन्हात स्पष्ट दिसत होता. वर लालसर, स्वच्छ, खाली चिखल.

आता इथे माझ्या लहानपणाचा दोष आहे. आमच्या घरी औषधाच्या कपाटात कायम द्राक्षासवाची बाटली असायची. जेवणानंतर दोन-दोन चमचे. त्याच्याही तळाशी असाच गाळ बसायचा आणि वडील ती देण्याआधी दोन्ही हातांनी खळाखळा हलवायचे. कोणी न हलवता ओतली तर ते रागवायचे. औषधाचा सगळा जोर खाली बसतो, म्हणायचे. वरचं पाणी पिऊन काय उपयोग? आणि हेही द्राक्षांचं, तेही द्राक्षांचं. बत्तीस वर्षं कोणी हलवलं नाही बिचारीला, म्हणून एवढं साचलं.

मी बाटली नॅपकिनात धरली आणि हलवली. मन लावून हलवली. उलटी केली, सुलटी केली. मनात पन्नासपर्यंत आकडे मोजले.

"किती हलवताय?" बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "लोणी काढायचंय का?"

"व्हायला पाहिजे सगळं एकसारखं."

परत खिडकीसमोर धरली. गाळ नाहीसा झाला होता. सगळी बाटली गढूळ, दाट, एकजीव. मला फार समाधान वाटलं. म्हटलं, चला, निदान एक काम तरी जाणकारासारखं केलं.

तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली.

"बाबा, काय करताय तुम्ही?"

"हलवून ठेवली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पिठाच्या डब्यावर बसली. मग हळू आवाजात तिनं मला समजावलं, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. जुन्या वाईनचा तो गाळ म्हणजे बत्तीस वर्षांत हळूहळू वेगळा झालेला कडूपणा. तो खालीच राहू द्यायचा असतो, म्हणून तर चार दिवस उभी ठेवायला सांगितली होती. ओततानासुद्धा हात हलू द्यायचा नसतो. गाळ वर आला की वाईन तोंडात वाळूसारखी लागते आणि जे नाजूक असतं ते सगळं त्याखाली बुडून जातं.

"परत बसेल की खाली," मी म्हणालो.

"बसेल. आठवड्यानं. ते सोमवारी परत चाललेत, बाबा."

मी बाटलीकडे बघितलं. बत्तीस वर्षं एका बाईनं, मग तिच्यामागे एका माणसानं जपलेली गोष्ट मी पन्नास आकड्यांत ढवळून ठेवली होती.

"गुपचूप उघडून गाळून घेऊ?" मी म्हणालो. "परत बूच लावता येईल."

"नाही!" माय-लेकी एका आवाजात म्हणाल्या.

"जा आणि सांगा," बायको म्हणाली. "कोकमापासून सगळं."

मी गेलो. खरंच सांगायला गेलो. व्याही बाल्कनीत उन्हात बसून पोहे खात होते. पोह्यांवर जिरावण, आमचा तो तिखट इंदोरी मसाला, जरा जास्तच पडलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण चमचा थांबत नव्हता. मला बघून त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दोन वाजता. काल मला झोप लागली नाही."

हे ऐकलं आणि झालं. सांगायचं ते आत राहिलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हणालो, "एक बदल आहे. दोन वाजताची वेळ चांगली नाही. आमच्याकडे शुभ गोष्टीला मुहूर्त लागतो. मुहूर्त चारचा आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. चेहरा गंभीर झाला. खिशातून छोटी वही काढून त्यांनी विचारलं, "बरोबर चार?"

"चार वाजून सात मिनिटं," मी म्हणालो. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

आत आलो तर बायको कंबरेवर हात ठेवून उभी. "चार-सातचा मुहूर्त? कुठल्या पंचांगात काढला?"

"दोन तास जास्त मिळाले. थोडं तर बसेल खाली."

मग त्या घरात जे पाच तास गेले ते मी विसरणार नाही. बाटली ओट्याच्या कोपऱ्यात उभी केली. मिक्सर बंद. खलबत्ता बंद. चटणी पाट्यावर, तीही शेजाऱ्यांच्या पाट्यावर. कुकर मागच्या गॅलरीतल्या शेगडीवर गेला. जावईबापूंना सगळं सांगणं भाग होतं. तो पोरगा हसला नाही, रागावला नाही, फक्त चपला काढून अनवाणी चालायला लागला. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी मोबाइलचा उजेड मागून धरून बघायचं. बारा वाजता काही फरक नव्हता. एकला बुडाशी एक पुसट रेघ दिसल्यासारखी वाटली. तीनला मुलगी म्हणाली, "थोडं बसलंय. अगदी थोडं."

चार वाजून सात मिनिटांनी आम्ही पाचजण जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. जेवणं मुद्दामच उशिरा ठेवली होती. तोवर आधार म्हणून बायकोनं गराडू तळले होते. आमच्याकडे थंडीत हा कंद तळून त्यावर मसाला आणि लिंबू मारून खातात. व्याह्यांनी त्याला हात लावला नाही, म्हणाले, "आधी ही."

त्यांनी स्वतः आणलेल्या स्क्रूनं बूच ओढायला घेतलं. इतकं सावकाश, की मी श्वास धरून बसलो. अर्धं आलं आणि अर्धं आत तुटलं. भुगा वाईनमध्ये पडला. मी मनातल्या मनात हात जोडले. निदान हा गुन्हा माझा नव्हता.

"गाळायला काही आहे?" त्यांनी विचारलं.

बायको उठली आणि श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं घेऊन आली. स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं. व्याह्यांनी ते नाकाला लावलं, भुवया उंच केल्या.

"वेलची आणि जायफळ," मुलगी म्हणाली. "कितीही धुतलं तरी जात नाही."

ते हसले आणि फडकं काचेच्या भांड्यावर अंथरलं. मग त्यांनी मेणबत्ती मागितली. ओतताना बाटलीच्या गळ्यामागे उजेड धरायचा असतो, म्हणजे गाळ यायला लागला की दिसतो. मेणबत्ती घरात नव्हती. बायको क्षणभर थांबली, देवघरात गेली आणि निरांजन पेटवून घेऊन आली. जिनं बुधवारी देवाखाली बाटली ठेवू दिली नव्हती, तिनं देवापुढचं निरांजन आणून त्या बाटलीच्या गळ्याखाली धरलं, आणि तिचा हात एवढासाही हलत नव्हता.

व्याह्यांनी बाटली कलती केली. निरांजनाच्या उजेडात गळ्यातून पहिली धार आली आणि ते थांबले. बाटली सरळ केली. पहिल्या धारेलाच गढूळ. तळापर्यंत जायचंसुद्धा काम नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा मास्तर नकाशावर चुकीच्या ठिकाणी नदी काढलेली बघतो, तसं.

मग मी सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत मला फक्त खोटं बोलता येत होतं. पोरगी फ्रेंचमध्ये सांगत गेली, मान खाली घालून. मी द्राक्षासव सांगितलं, वडील सांगितले, पन्नास आकडे सांगितले. मुहूर्त माझ्या डोक्यातून आला, सांगितलं. वाईन आयुष्यात एकदाच, कागदी कपात आणि सेवेबरोबर, तेही सांगितलं. "आणि दर रविवारी माझ्या पेल्यात कोकमाचं सरबत होतं," मी म्हणालो. "मला काही कळत नाही वाईनमधलं. तुमच्या बायकोची बाटली मी बिघडवली. माफ करा."

बायकोनं निरांजन टेबलावर ठेवलं.

व्याही मुलीला काहीतरी बोलले. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"ते म्हणतायत, दुसऱ्या रविवारपासून त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वाईन नाही ते. तुमच्या पेल्याच्या काचेला जिरं चिकटलेलं असायचं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

"मग मला ठेवायला का दिली?" मी विचारलं. "जाणकार नाही हे माहीत असून?"

त्यांनी उत्तर इंग्रजीतच दिलं, सावकाश, शब्द शोधत. "तिनं मुलीचा बाप म्हटलं होतं. जाणकार म्हटलं नव्हतं." आणि मग, जरा थांबून, "चाळीस रविवार जो माणूस मुलीसाठी सरबत हुंगतो, त्याला मी बाटली का देणार नाही?"

मी उठून त्यांचे दोन्ही हात हातात धरले. माझ्या घरातल्या लोकांना हे पहिल्यांदाच घडलेलं दिसलं असावं, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते.

त्यांनी उरलेली वाईन फडक्यातून सावकाश गाळली. फडक्यावर काळं, ओलं, बारीक रवाळ काहीतरी साठत गेलं, तरी खाली आली ती गढूळच. पेल्यात तिचा रंग लाल नव्हता. भिजलेल्या विटेचा होता, कडेला तर पार चहासारखा. त्यांनी पहिला पेला माझ्यापुढे सरकवला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले. नजर माझ्या तोंडावर खिळलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गढूळपणाची त्यांना काही पडलेलीच नव्हती. नऊ वर्षांची भीती होती ती वेगळीच. आत काही उरलंय की नाही, हे आता मी सांगायचं होतं. मी! आणि या वेळी पंख्याकडे बघून चालणार नव्हतं.

मी वास घेतला. आधी वेलची आली, ती आमचीच. मग तिच्या मागून दुसरं काहीतरी. परत नाक घातलं.

"काय येतंय?" मुलीनं विचारलं.

"थांब जरा."

मी घोट घेतला. पहिल्यांदा जिभेवर रवा लागला, कडू. कच्चं जांभूळ चावल्यावर जीभ आखडते तशी आखडली. मी मनात म्हटलं, संपलं, मेली. पण मी गिळलं आणि गिळल्यावर ती आली. तोंडात नाही, मागे, नाकाच्या वाटेनं वर. खूप हळू. वाळलेल्या आमसुलांसारखं काहीतरी, पण आंबट नाही, गोडाकडे झुकलेलं. मग कातडी पट्ट्यासारखं. मग इंदूरबाहेर बेटम्याच्या बाजूला नोव्हेंबरात शेत नांगरून पडलेलं असतं, त्यावरून सकाळी मोटरसायकलनं जाताना येतो तो वास. आणि हे सगळं झाल्यावर जायला पाहिजे होतं, तर जाईना. मी तोंड मिटून बसलो होतो आणि ते चाललंच होतं.

मला जसं सुचलं तसं मी हे बोललो, मुलगी सांगत गेली. आमसुलाशी ती अडली. नांगरलेल्या शेताशी मात्र नाही अडली. मातीतच काम करते ती. व्याही एकेक शब्द ऐकत पुढे पुढे वाकत होते.

"म्हणजे?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. "जिवंत आहे?"

"आहे," मी म्हणालो. "गढूळ आहे, माझ्यामुळे. पण आहे. अजून तोंडात आहे माझ्या."

त्यांनी आपला पेला उचलला. घोट घेतला. डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या मिटलेल्या डोळ्यांचं हसू झालं. मोठं, दात दाखवणारं. त्यांनी टेबलावर थाप मारली, निरांजन हललं, आणि ते फ्रेंचमध्ये भराभर बोलत सुटले. मुलगा हसायला लागला, मुलगी हसायला लागली.

"अरे, आम्हाला पण सांगा कोणीतरी," बायको म्हणाली.

"म्हणतायत, वाळू आहे, बूच आहे, वेलची आहे, आणि त्याखाली ती आहे तशी आहे. म्हणतायत, याच्या आईला हे फार आवडलं असतं, कारण तिला वाईनबद्दल गंभीर होणाऱ्या लोकांचा राग यायचा."

बायकोनं माझ्याच पेल्यातून चमचाभर घेतली. औषध घ्यावं तशी, चेहरा आधीच वाकडा करून. मग चेहरा सरळ झाला. आणखी चमचाभर घेतली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"जरा साखर असती तर चालली असती," ती म्हणाली, आणि चमचा ठेवून पेलाच उचलला.

मग गराडू पुढे आले. व्याह्यांनी पहिला तुकडा खाल्ला, मसाल्यानं ठसकले, वर एक घोट घेतला आणि असे थबकले की मला वाटलं आता काय बिघडलं. त्यांनी परत तेच केलं: गराडू, घोट. मग बशी आपल्याकडे ओढून घेतली.

"यांना विचार," ते मुलीला म्हणाले, "इंदूरमध्ये एखादी गोष्ट उत्तम असेल तर काय म्हणतात?"

"भोत सई," मी परस्पर सांगितलं.

"बोत साई," ते म्हणाले. आम्ही सुधारलं. त्यांनी परत म्हटलं. चौथ्या वेळी जमलं, तेव्हा त्यांनी पेला किंचित वर, खिडकीकडे, कोणाला तरी दाखवावा तसा धरला आणि तेच दोन शब्द तिकडे बघून म्हटले.

शेवटी भांड्याच्या तळाशी बोटभर उरली, सगळा गाळ त्यातच उतरलेला. पोरांनी मानेनं नको म्हटलं. मी ती मोरीत ओतायला उठत होतो, तर व्याह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांनी ती दोन पेल्यांत अगदी मोजून अर्धी-अर्धी केली, एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. प्यायची नव्हतीच ती, चावायची होती. कडू होती, दातांत करकरत होती. आम्ही दोघं समोरासमोर बसून, तोंडं वाकडी करत, मधे एकमेकांकडे बघून हसत, शेवटच्या कणापर्यंत ती संपवली.